चादरीचे शीड, कापसाच्या लाटा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी एक चक्कर टाकण्याची माझी सवय तीसएक वर्षांची आहे. जुन्या कागदांच्या या नादात मी स्वतःपुरते काही नियम करून घेतले होते. पत्रे दिसली की घ्यायची, हिशेबाच्या वह्या घ्यायच्या, ज्यावर चार ओळी मजकूर आहे असे काहीही घ्यायचे. मात्र मुद्दाम सजून, बसून काढलेले फोटो घ्यायचे नाहीत. सजवलेल्या फोटोत काढणाऱ्याला जे दाखवायचे असते तेच दिसते, मग त्यात इतिहास कुठला, असे माझे मत होते. ते किती चुकीचे होते आणि त्यामुळे माझ्या हातून काय गेले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या गोणपाटावर पांढऱ्या नाडीने बांधलेला फोटोंचा एक गठ्ठा होता. आठ-नऊ कार्डे असतील. सगळी पोस्टकार्डाच्या आकाराची, सगळी एकाच घरातली. एका इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन कुटुंबाने वेगवेगळ्या वर्षी नाताळसाठी काढलेली ती शुभेच्छापत्रे होती. प्रत्येक वर्षी एक नवे सोंग. मी गठ्ठा चाळला, त्यातले सर्वांत स्वच्छ कार्ड गंमत म्हणून वीस रुपयांना घेतले आणि बाकीचे तसेच ठेवले. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा विक्रेत्याने नाडी सोडून कार्डे सुटी विकली होती. कोणी घेतली हे त्याला आठवत नव्हते.

माझ्याकडे राहिलेल्या कार्डात एक जहाज आहे. आरामखुर्ची आडवी करून तिची नाव केली आहे. मागे पलंगाची चादर ताणून शीड उभे केले आहे. पुठ्ठ्याची टोपी घातलेला कप्तान, दुर्बीण म्हणून कागदाची सुरळी डोळ्याला लावलेली त्याची बायको आणि दोन मुले. फरशीवर कापसाचे पुंजके पसरून लाटांचा फेस केला आहे. त्यांच्या मायदेशी जो कापूस नाताळच्या झाडावर बर्फ म्हणून ठेवतात, त्याचा इथे समुद्र झाला आहे. कार्डामागे पेन्सिलीने फक्त १९३६ लिहिले आहे. नाव, पत्ता, तिकीट काही नाही. म्हणजे हे धाडलेले कार्ड नव्हे, घरात उरलेली प्रत आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे नंतर येतो. आधी हा प्रकार आला कुठून, ते पाहू.

नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ मध्ये लंडनमध्ये निघाले. ते काढून घेणारे हेन्री कोल हे टपाल-सुधारणेच्या चळवळीतले माणूस. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले होते. पत्र स्वस्त झाले तशी नाताळात उत्तरे लिहिण्याची जबाबदारीही वाढली. कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र करून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या, हाताने रंगवल्या आणि एक शिलिंगला एक या भावाने विकायला ठेवल्या. चित्रात मधोमध एक कुटुंब टेबलाभोवती बसले आहे आणि पाहणाऱ्याकडे बघत पेले उंचावते आहे. दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. एका लहान मुलाच्या ओठांनाही पेला लावलेला दिसतो. त्यावरून मद्यपानविरोधी मंडळी रागावली होती.

पहिल्याच कार्डावर कुटुंब आहे आणि ते कुटुंब आपल्याकडे तोंड करून बसले आहे, एवढे लक्षात ठेवावे. जेवणाऱ्या माणसांची अशी बैठक कधी नसते. कॅमेरा या धंद्यात यायच्या कितीतरी आधी चित्रकाराने माणसांना फोटोसारखे बसवून ठेवले होते.

कॅमेरा घरात यायला आणखी पन्नासेक वर्षे लागली. १८८८ मध्ये कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आला आणि फोटो काढणे हे हौशी माणसाचे काम झाले. पण घरगुती कार्डाच्या दृष्टीने महत्त्वाचे साल १९०३. त्या वर्षी कोडॅकने 'थ्री-ए' नावाचा घडीचा कॅमेरा काढला. त्याची निगेटिव्ह सव्वातीन बाय साडेपाच इंचांची, म्हणजे जवळपास पोस्टकार्डाएवढीच होती. त्यामुळे फोटो मोठा करण्याचे यंत्र लागत नसे. निगेटिव्ह कागदाला टेकवायची, उजेड द्यायचा, धुवायचे, वाळवायचे, की झाले. या कामासाठी मागच्या बाजूला पोस्टकार्डाच्या रेघा छापलेला फोटोचा कागदही बाजारात मिळू लागला. ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून पत्त्याच्या बाजूवरच मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली होती. त्यामुळे पुढची सगळी बाजू चित्राला मोकळी झाली. आता ज्याच्या घरी कॅमेरा आहे त्याला हॉर्सलीची गरज उरली नाही. चित्रातले कुटुंब तो स्वतःच होऊ शकत होता.

पण हे वाटते तितके सोपे नव्हते. नाताळ येतो तो युरोपातल्या सर्वांत काळोख्या दिवसांत. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेआठ तासांचाही नसतो, चारच्या आत सूर्य मावळतो. घरात, मेणबत्त्यांच्या झाडापाशी फोटो काढायचा तर दोनच मार्ग होते. एक म्हणजे कित्येक सेकंद न हलता बसणे. दुसरा म्हणजे मॅग्नेशियमची भुकटी पेटवणे. १८८७ मध्ये अ‍ॅडॉल्फ मीते आणि योहानेस गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियममध्ये पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात भडकणारी भुकटी तयार केली होती. तिचा प्रकाश भरपूर पडे, पण खोलीभर पांढरा धूर होई, आणि हात भाजण्याचा धोका वेगळाच. काचेच्या बंद गोळ्यातला फ्लॅश १९३० च्या सुमारास बाजारात येईपर्यंत ही कसरत चालू होती. त्यामुळे त्या काळच्या घरगुती कार्डात माणसे ताठ आणि डोळे विस्फारून बसलेली दिसली, तर तो स्वभावाचा भाग समजू नये.

दुसरी अडचण वेळेची. कार्ड नाताळपर्यंत पोहोचायचे असेल तर फोटो त्याआधी काही आठवडे काढला पाहिजे. म्हणजे झाड आधी आणायचे, खोटी बोचकी बांधायची, नाताळचे कपडे घालायचे आणि न आलेला सण साजरा करायचा. त्या वर्षीच्या नाताळाला वेळेवर पोचलेल्या प्रत्येक फोटोकार्डावर मुळात न झालेला नाताळ असतो. दिवाळी अंकाच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. हा लेखही मी श्रावणात, पावसाची झड लागलेली असताना लिहितो आहे.

खोटेपणाचा आक्षेप घ्यायचाच तर तो या प्रथेच्या मुळाशीच आहे. आणि तो केवळ घरगुती फोटोंवर नाही. कॅनडातील माँट्रियलचे प्रसिद्ध फोटोग्राफर विल्यम नॉटमन १८६० च्या दशकात आपल्या स्टुडिओत शिकारीची हिवाळी दृश्ये उभी करत. तिथे बर्फ म्हणून मीठ पसरलेले असे. ज्या शहरात बाहेर कमरेएवढा बर्फ साचतो, तिथल्या माणसांनी आत मिठाच्या बर्फात उभे राहून फोटो काढून घेतले, कारण खरा बर्फ कॅमेऱ्यासाठी थांबत नाही.

माझे मत बदलले ते दोन उदाहरणांमुळे. पहिले बर्लिनचे. रिशार्ड वाग्नर (संगीतकार नव्हेत, हे रेल्वेतले अधिकारी) आणि त्यांची पत्नी अ‍ॅना या मूल नसलेल्या जोडप्याने १९०० पासून १९४२ पर्यंत दरवर्षी नाताळात आपल्या घरातल्या झाडापाशी स्वतःचा फोटो काढला आणि स्नेह्यांना शुभेच्छापत्र म्हणून धाडला. ही चित्रे पुढे बर्लिनमधल्या शार्लोटेनबुर्गच्या स्थानिक संग्रहालयात आली आणि १९९६ मध्ये बिर्गिट योकेन्स यांनी त्यांचे पुस्तक केले.

यातला कोणताही एक फोटो उचलून पाहिला तर त्यात काही नाही. झाड, भेटवस्तूंनी भरलेले टेबल आणि दोन माणसे. मी तो जुन्या बाजारात नक्कीच मागे ठेवला असता. पण चित्रे ओळीने पाहू लागलो की मांडणी तीच राहते आणि म्हणूनच बदल डोळ्यांत भरतो. १९१७ च्या चित्रात दोघे आपल्याच दिवाणखान्यात ओव्हरकोट घालून आहेत, कारण महायुद्धात कोळसा मिळेनासा झाला होता. त्याच्या आधीचा, १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत आजही 'सलगमाचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. बटाट्याचे पीक बुडाले होते आणि लोक जनावरांचे खाद्य असलेल्या सलगमावर दिवस काढत होते. युद्धानंतरच्या एका चित्रात भेटवस्तूंच्या जागी व्हॅक्यूम क्लीनर दिसतो. घरात वीज आली, पगार स्थिरावला, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. आणि दरवर्षी दोघांचे चेहरे थोडे थोडे उतरत जातात.

कोट घालून बसण्याचा निर्णय त्यांनी केला, हेही लक्षात घ्यायला हवे. फोटोपुरता कोट काढून बसता आले असते. एक-दोन मिनिटांचाच प्रश्न होता. त्यांनी तसे केले नाही. आपण गारठलो आहोत हे मित्रांना कळवायचे, पण रडगाणे न गाता कळवायचे, असे त्यांनी ठरवले असावे. इथे सजावट सत्याच्या आड येत नाही, उलट तीच सत्य सांगते. दप्तरात कोळशाच्या टंचाईचे आकडे मिळतील. ती टंचाई सणाच्या दिवशी लोकांनी कशी अंगावर वागवली, ते या कार्डातच मिळते.

अर्थात हे कार्ड काय दाखवत नाही, हेही पाहिले पाहिजे. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्थानकातून ज्यूंना शहराबाहेर नेणारी पहिली गाडी सुटली. त्यानंतरही या घरात झाड सजले, दिवे लागले, फोटो निघाला. या दांपत्याचा त्या गाडीशी काही संबंध होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण झाड, टेबल आणि दोन खुर्च्या एवढ्याच चौकटीत बाहेरचे जग किती सहज मावेनासे होते, हे त्या वर्षीच्या चित्रातून शिकण्यासारखे आहे. चौकट कोणी आखली आणि कुठे संपवली, हाही पुरावाच आहे. १९४२ नंतर चित्र नाही. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून बर्लिनवर मोठे हवाई हल्ले सुरू झाले.

दुसरे उदाहरण लंडनचे, आणि अगदी वेगळ्या वृत्तीचे. अँगस मॅकबीन यांचा जन्म १९०४ चा, वेल्समधला. तरुणपणी ते लंडनच्या लिबर्टी या दुकानात नोकरीला होते आणि फावल्या वेळात मुखवटे बनवत. ते मुखवटे पाहून ह्यू सेसिल या फोटोग्राफरने त्यांना हाताखाली घेतले. पुढे त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९३६ मध्ये आयव्हर नोव्हेलो यांच्या 'द हॅपी हिपोक्रिट' या नाटकासाठी मुखवटे आणि फोटो केल्यावर ते रंगभूमीचे फोटोग्राफर म्हणून नावारूपाला आले. व्हिव्हियन ली त्याच नाटकात होती, आणि तिचे फोटो त्यांनी नंतरही अनेकदा काढले. त्यांचे नाव माहीत नसले तरी त्यांचे एक चित्र अनेकांनी पाहिलेले असते: जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून हसणारे चार बीटल्स, १९६३ च्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावरचे.

हे मॅकबीन १९३० च्या दशकापासून १९८५ पर्यंत नाताळची कार्डे स्वतः उभी करत, स्वतःच त्यात बसत आणि मित्रांना धाडत. त्यांच्या कार्डांत झाड आणि भेटवस्तू असे साधे काही नसे. लंडनमध्ये १९३६ मध्ये भरलेल्या अतिवास्तववादी चित्रांच्या प्रदर्शनाचा त्यांच्या कामावर मोठा परिणाम झाला होता. रंगवलेले आकाश, टेबलावर पसरलेली वाळू, प्लास्टरचे खांब, एकाच कागदावर दोन निगेटिव्हची जुळणी, अशा साधनांनी ते आपल्या गिऱ्हाइकांना स्वप्नातल्या जागी नेऊन ठेवत. १९५० मध्ये एका मलमाच्या जाहिरातीसाठी त्यांनी ऑड्री हेपबर्न या तेव्हा फारशा माहीत नसलेल्या मुलीला खांद्यापर्यंत वाळूत पुरल्यासारखे दाखवले, ते याच पद्धतीने. गिऱ्हाइकांवर वापरलेली ही सगळी जादू वर्षातून एकदा ते स्वतःवर करत. स्टुडिओतले सामान, सुतारकाम, रंग आणि चेष्टेखोर कल्पना यांच्या बळावर ही कार्डे निघत. त्यांतली अनेक आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत.

कॅमेऱ्यापुढचा आनंद म्हणून हे सोडून देता आले असते. पण मॅकबीन समलिंगी होते आणि त्या काळी इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली आणि चार वर्षांची शिक्षा झाली. ते १९४४ मध्ये सुटले. बर्लिनमध्ये वाग्नर दांपत्य आपले शेवटचे नाताळचे चित्र काढत होते त्या डिसेंबरात लंडनचा हा फोटोग्राफर तुरुंगात होता. सुटल्यावर त्यांनी पुन्हा स्टुडिओ उभा केला, आणि कार्डेही पुन्हा निघू लागली.

हे कळल्यावर त्या कार्डांकडे पाहण्याची माझी नजर पालटली. खटला, शिक्षा, तुरुंग हे सगळे सोसलेला माणूस आपला चेहरा स्वतःच्या हाताने सजवून दरवर्षी मित्रांच्या दारात पाठवतो. कोर्टाच्या कागदांत त्याची एक ओळख लिहिली गेली होती. कार्डावर तो दुसरी लिहीत होता, आणि तीही हसत. इंग्लंडने तो कायदा १९६७ मध्ये बदलला. कार्डे त्याच्या कितीतरी आधीपासून जात होती आणि नंतरही जात राहिली. सजवून काढलेल्या चित्रात काढणाऱ्याला दाखवायचे तेच दिसते, हे माझे जुने वाक्य खरेच होते. चूक एवढीच की, माणसाला स्वतःला काय दाखवायचे होते ही गोष्ट मी इतिहासात धरत नव्हतो.

दोन्ही उदाहरणांतून मला एक कामाची गोष्ट कळली. घरगुती नाताळ-कार्डाचा अर्थ एका कार्डात नसतो, तो ओळीत असतो. खोली तीच, माणसे तीच, दिवस तोच. यामुळे ती ओळ मोजपट्टीसारखी होते. एक मूल वाढते, एक खुर्ची रिकामी होते, पडदे बदलतात, कापूस महागला की बर्फ कमी पडतो. ओळ तोडली की उरतो तो नुसता एक गमतीचा फोटो. आणि जुन्या बाजारात ती ओळ तोडण्यात पहिला हात माझा होता.

आता राहिलेली गोष्ट. जहाजाच्या त्या कार्डात उजेड डावीकडून आला आहे, बहुधा व्हरांड्यातून. पुण्यातल्या डिसेंबरात त्यांना मॅग्नेशियमची गरज नव्हती. तरीही उजेड फार नसावा, कारण धाकट्या मुलाचे डोके हलल्यामुळे पुसट झाले आहे. शिडाची चादर मात्र स्थिर आहे. ती कशाला बांधली असेल म्हणून मी एकदा भिंग घेऊन कडा तपासत होतो. उजव्या कडेला, चौकट संपते तिथे, चादर धरलेली चार बोटे दिसली, आणि त्यामागे मनगटावर काचेच्या बांगड्या. चादर बांधलेली नव्हती. एक बाई ती धरून उभी होती, आणि चौकट तिच्या मनगटावर संपवली होती.

ती त्या घरची आया असेल, स्वयंपाकीण असेल, माळ्याची बायको असेल. काचेच्या बांगड्यांवरून ती इथली होती एवढे म्हणता येते. कार्ड विलायतेला पोचले तेव्हा ते पाहणाऱ्यांनी कप्तान पाहिला, मुले पाहिली. जहाज कोणाच्या हातावर उभे आहे ते कोणी पाहिले नसावे. मीही कार्ड घरी आणल्यावर बारा वर्षे पाहिले नव्हते.

उरलेल्या सात-आठ कार्डांत ती आहे का? एखाद्या वर्षी तिला चौकटीत घेतले होते का? मुलांच्या शेजारी, एखाद्या सोंगात, पुठ्ठ्याचा मुकुट घालून? की दरवर्षी फक्त हातच? या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद माझ्या हातात होता आणि मी तो नाडीसकट परत ठेवला. त्या घराची पत्रे मला उद्या सापडली तरी त्यांत तिचे नाव असेल याची खात्री नाही. असलेच तर पगाराच्या हिशेबात. ती त्या खोलीत होती, त्या खेळात होती, याचा पुरावा सजवलेल्या फोटोतच होता.

तेव्हापासून मी गठ्ठे सोडवत नाही. पैसे कमी असतील तर दोन गठ्ठ्यांतला एक घेतो, पण पुरा घेतो. घरी आल्यावर कार्डे ज्या क्रमाने बांधलेली होती त्याच क्रमाने आकडे घालून ठेवतो, आणि प्रत्येकाची कड आधी पाहतो, मधला भाग नंतर.

वाचकांकडे एक मागणे आहे. आपल्याकडेही घरोघरी असे फोटो असतात. दरवर्षीच्या मखरापुढचे, किल्ल्याशेजारी उभ्या केलेल्या मुलांचे, वसई-वांद्र्याकडे नाताळच्या गोठ्यापुढचे. दिवाळीच्या आवराआवरीत ते रद्दीत किंवा चार नातेवाइकांत विभागून जातात. ते एकत्र ठेवावेत. मागे पेन्सिलीने साल लिहावे, माणसांची नावे लिहावीत. आणि चौकटीबाहेर उभे राहून ज्याने चादर धरली, दिवा धरला, त्याचेही नाव आठवत असेल तर लिहावे. जुन्या बाजारातल्या त्या गठ्ठ्यातले एखादे कार्ड कोणा वाचकाकडे असेल, आरामखुर्ची आणि कापूस ओळखू येत असेल, तर संपादकांमार्फत मला कळवावे. कार्ड परत मागणार नाही. फक्त त्याच्या कडा पाहायच्या आहेत.